मडगार्डाचा आरसा

बाबा,

प्रवेश फुकट होता, पण मला तो कार्यक्रम एका अख्ख्या रविवारच्या कमाईला पडला. रविवार म्हणजे आपल्या वॉशिंग सेंटरचा खरा धंद्याचा वार. त्या दिवशी मी गल्ला सोडून सख्ख्या साळ्याच्या घरीही जात नाही. त्यात तुमच्या सुनेची बोलणी धरा, आणि डोक्यात गेलेली तिडीक अजून उतरलेली नाही, तीही धरा. कोणाला सांगावं तर माणसं हसतात. तुम्ही हसणार नाही, म्हणून तुम्हाला लिहितो आहे.

लष्करी गाड्यांच्या हुबेहूब छोट्या प्रतिकृती बनवणाऱ्या हौशी लोकांचा एक क्लब आहे, नागपूर-अमरावतीपर्यंतचे लोक आहेत त्यात. त्यांचा मेळावा वर्ध्यात, एका मंगल कार्यालयात भरला होता. बँकेतले एक साहेब आपल्याकडे गाडी धुवायला येतात, तेच म्हणाले, "काका, तुमचे बाबा फौजेत चालवायचे तो तीन टनी ट्रकही येणार आहे. या एकदा." मग मी कसला थांबतो? तो ट्रक मी कधी डोळ्यांनी पाहिलेला नाही. तुम्ही सुट्टीवर यायचे ते लोखंडी पेटी घेऊन, ट्रक घेऊन थोडेच. तुम्ही गेल्यावर आईच्या सामानात तुमचा ट्रकपाशी उभा असलेला फोटो निघाला, तो फ्रेमवाल्याकडून चंदनाच्या हारासकटच आणला आणि गल्ल्यावर टांगला. त्यात मी पाहतो तो तुमचा चेहरा, बाकी सगळं हाराआड. ट्रक मला ठाऊक आहे तो तुमच्या तोंडून. "मडगार्डात पाहून दाढी करत होतो लेका," असं तुम्ही सांगायचे, आणि गालावरून हात फिरवून दाखवायचे.

तिथे पांढऱ्या कापडाची टेबलं, त्यावर वीतभर रणगाडे, जिपा, तोफा ओढणाऱ्या गाड्या. मोठमोठी शिकलेली माणसं भिंगं लावून वाकलेली, आणि बोलणं असं हळू, जसं काही कोणी आजारी आहे. माझे कान तुम्हाला माहीत आहेत. इंजिनाचा आवाज ऐकून मी सांगतो गाडी कोणत्या रस्त्याने आली. मागे दोघं कुजबुजत होते ते मला स्वच्छ ऐकू आलं. "गंज काय जबरदस्त आणलाय!" "हो ना. नाहीतर खेळणं वाटलं असतं."

वळून पाहतो तर तुमचा ट्रक. बाबा, आधी ऊर भरून आला. ताडपत्री, तिच्या दोऱ्या, मागचा हूक, सगळं जिथल्या तिथे. हुकाला लटकवलेली बादलीसुद्धा होती, चण्याच्या डाळीएवढी. मग वाकून नीट पाहिलं. दारापर्यंत चिखल, मडगार्डावर चिखल, डाव्या दिव्याखाली गंजाचा ओघळ, आणि त्या बादलीलाही गंज. पुढ्यात पाटी: पहिलं बक्षीस.

"हे कोनं बनवलं?" मी विचारलं.

"मी, काका." तिशीतली बाई, नागपूरची, दातांची डॉक्टर. "आवडलं?"

"गाडी आवडली. पन हिले धुवाले कोनी नव्हतं का?"

ती मोकळेपणाने हसली. "मुद्दाम केलंय ते. नुसत्या चिखलालाच तीन आठवडे लागले मला."

"मी अर्ध्या घंट्यात काढून देतो."

सगळे हसले, मीही हसलो. मग ती मला कौतुकाने दाखवायला लागली की दात कोरायच्या अवजारानेच तिने रंगाचे टवके उडवले आहेत. दिवसभर लोकांच्या दातांची कीड काढते आणि घरी जाऊन ट्रकला लावते! तिथे माझं हसू गेलं. मी म्हटलं, "बाई, माहा बाप ही गाडी चालवत होता. तिच्या मडगार्डात पाहून दाढी करत होता. आन तुमी तिले भंगारातून काढल्यावानी करून ठेवलं."

शेजारी एक रिटायर प्राध्यापक उभे होते, ते गोड आवाजात म्हणाले, "पण लष्करी रंग चकाकत नाही हो. दुरून गाडी दिसू नये म्हणूनच तो तसा असतो."

बाबा, भर सभागृहात कोणी तुम्हाला खोटं म्हटलं, तेही अहो-जाहो करून. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "फोटो हाय माझ्यापाशी. सबूत. पाठवतो." डॉक्टरीणबाईने लगेच आपला नंबर दिला. "नक्की पाठवा काका. माझं चुकलं असेल तर मी पुन्हा रंगवीन." ती मनापासून बोलत होती, त्याचाही मला राग आला. दारापाशी चपला घालताना प्राध्यापकांचा आवाज आला, "वॉशिंगवाले आहेत ना, म्हणून लागलं त्यांना."

लागलंच. का लागू नये? गाडी मळलेली असली तरच खरी, हे कोणी ठरवलं? ज्याच्या अंगणात दुसरा कोणी झाडू मारतो, त्यालाच चिखलात सौंदर्य दिसतं. तीन आठवडे तिने चिखल लावला. तो रोज काढणारा माणूस मात्र एकाही टेबलावर नव्हता. बंदूकवाले इवलेसे शिपाई होते, दुर्बीणवाले होते, हातात फडकं घेतलेला एकही नाही.

मला तो दिवस आठवतो. मी पहिला टेम्पो घेतला आहे, जुनाच, पण माझा. पूजेला केळझरच्या गणपतीला न्यायचा म्हणून तुम्हाला घ्यायला घरी येतो, तर वाटेतली काळी माती चाकांपासून दारापर्यंत चढलेली. तुम्ही धोतर नेसून तयार, आणि फाटकातच थांबता. "देवापुढं असा नेतं का? आधी धू याले. मंग बसतो." मी म्हणतो, "बाबा, वापस येतानी मळनच ना?" तुम्ही म्हणता, "तं वापस आल्यावर अजून धू." नवा शर्ट काढून मी विहिरीचं पाणी ओढतो, पोत्यावर उताणा पडून खालून घासतो, आणि तुम्ही बोट दाखवत फिरता. समोरचा पाटील ओट्यावरून ओरडतो, "माहा ट्रॅक्टरबी धुवून देतं का गा, फौजीच्या पोरा?" सगळी गल्ली हसते. तुम्ही मागे न वळता म्हणता, "देईन ना. फुकट नाई देनार."

पुढच्याच आठवड्यात त्याचा ट्रॅक्टर आला. तिथून आजचे दोन रॅम्प आणि हाताखालची माणसं. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी मडगार्डाची गोष्ट सांगतो, ती बोर्डावरसुद्धा लिहून घेतली आहे, "फौजीच्या गाडीसारखी, तोंड पाहून घ्या." आता तुम्हीच सांगा, मी गप्प कसा बसणार होतो?

सोमवारी सकाळी सेंटर उघडल्याबरोबर फोटो खाली घेतला. मोबाईलमध्ये नीट यावा म्हणून इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो हार काढला, काच पुसली. तुम्ही तसेच, टोपी तिरकी, दाढी गुळगुळीत, हात मडगार्डावर. बाहेर पाण्याचा पंप सुरू झाला, पोरं हाका मारत होती.

हार पुन्हा घातला आहे. बाईला फोटो पाठवलेला नाही. बँकेतले साहेब विचारतील, तेव्हा सांगीन की सापडला नाही. बोर्ड आहे तसाच राहील.

तुमच्या हाताखालचं मडगार्ड चिखलाने माखलेलं आहे, बाबा, आणि डाव्या दिव्याखाली काळा ओघळ उतरला आहे.