कुंकू लावलेलं कार्ड

बाबा, काल मी इथल्या अल सद्द भागातल्या एका हॉलमध्ये तुमचा डबा शोधत होते. तोच, निळा, बिस्किटांचा, झाकणाला पोचा आलेला. डबा काही मिळाला नाही. जे मिळालं ते कुणाला तरी सांगायला हवं आणि आईला सांगायची माझी छाती होत नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता वयानं मीच तुमच्याहून मोठी आहे, तेव्हा मधे न बोलता ऐकून घ्या.

इथं सध्या फुटबॉल वर्ल्ड कपची नुसती धामधूम चाललीय. रस्तोरस्ती झेंडे लागलेत आणि टॅक्सीवाल्यापासून ऑफिसातल्या साहेबापर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच. ज्या स्टेडियमच्या वायरिंगच्या ड्रॉइंगांवर मी डोळे फोडले, ते उभं राहिलं आणि माझं काम खलास. पहिली मॅच व्हायच्या आत आम्ही नाशिकला परत निघणार, कायमचे. स्वयंपाक आपण करायचा आणि पंगतीला दुसऱ्यांनी बसायचं, असलाच प्रकार. राग येतो हो. पण त्याहून जास्त हे लागतं की या गावात तुमचं काही उरलं असेल, तर ते शोधायला यापुढे मी इथं नसेन.

लोक सुट्टीवरून येणाऱ्यांकडून चिवडा मागवायचे, बाकरवडी मागवायचे. तुम्ही च्युइंगम मागवायचात! आतलं क्रिकेटरचं कार्ड हवं म्हणून. एवढं च्युइंगम खाणार कोण? तुम्हीच. दाढ दुखेपर्यंत. आई म्हणायची, "प्लांटमधले इंजिनिअर आहेत, आणि रवंथ बघा!" त्या डब्यात काय नव्हतं? कार्डं, अरबी अक्षरांची बाटल्यांची बुचं, संपलेली टेलिफोन कार्डं, विमानातून ढापलेला एक चमचा. सगळा फुकटाचा नाहीतर चार आण्यांचा माल. "महागाची वस्तू कुणीही घेतं गं, फालतू वस्तू निवडायला नजर लागते," हे तुमचं ठरलेलं वाक्य.

आणि दसरा! ओल्ड एअरपोर्ट भागातल्या त्या फ्लॅटमध्ये सकाळपासून उदबत्तीचा वास. आपट्याची पानं इथं कुठली, म्हणून आई हिरव्या कागदाची कापतेय. पाटावर तुमचे नटबोल्टचे पाने, कॅल्क्युलेटर, गाडीची किल्ली, माझी कंपासपेटी, आणि सगळ्यांच्या मधोमध तो डबा. बाकीच्यांच्या घरी डब्याला वरून एक बोट लावून भागलं असतं. तुम्ही मात्र एकेक कार्ड बाहेर काढायचात आणि उजव्या कोपऱ्यात हळद, तिच्यावर कुंकू. मी विचारलं, "कपाळाला का नाही लावत?" तर म्हणालात, "तो काय देव आहे? शून्यावर आउट होतो मेला." वर्षानुवर्षं त्याच कोपऱ्यात, त्याच जागेवर. आज इथले कार्डं जमवणारे हौशी लोक ते बघून कपाळाला हात लावतील. कार्डाला साधा बोटाचा ठसा लागलेला यांना चालत नाही.

एकदा शाळेच्या बसमध्ये एक मुलगी मी डब्यातून नेलेल्या कार्डाला 'डर्टी' म्हणाली आणि मी थुंकी लावून ते कुंकू पुसून टाकलं. घरी तुम्ही ओरडला नाहीत. कार्ड हातात घेतलंत आणि म्हणालात, "पूजेचं कुंकू आपल्या हातानं पुसू नये, बाळा. त्याचं त्याला जाऊ द्यावं." तेवढंच. पण मला ते चपराकीसारखं लागलं, आणि त्या दिवशी मी जेवले नव्हते.

मग तुम्ही गेलात. मी नववीत होते. घर कंपनीचं, लगेच रिकामं करायचं होतं. आईच्या कपाळावरचंही त्याच आठवड्यात गेलं. जाणाऱ्याच्या वस्तू घरात ठेवू नयेत असं कुणीसं सांगितलं, तर तिनं कपडे, बूट, डबा, सगळं ज्यांना हवं त्यांना देऊन टाकलं. मी डब्यासाठी रडले. ती म्हणाली, "बॅगेत जागा नाहीये गं, हट्ट करू नकोस." कुकरला जागा झाली, तुमच्या डब्याला झाली नाही. हे मी तिला अजून माफ केलेलं नाही, आणि तो कुकर ती अजून वापरते.

तर काल लेकीला फुटबॉलचे स्टिकर बदलायला त्या हॉलमध्ये घेऊन गेले. पोरांचा नुसता कल्ला, याच्याकडे हा जास्त, त्याच्याकडे तो कमी. मी टेबलाटेबलावर डबा बघत फिरतेय. शेवटच्या टेबलावर केरळचे एक म्हातारे अंकल. पुढ्यात एक ट्रे, काहीही उचला, दोन रियाल. की-चेन, बिल्ले, फुटकी घड्याळं. कुठून आणता विचारलं तर म्हणाले, "नजमा एरिया में रूम खाली होता है ना मॅडम, जाने वाला आदमी सब छोड़ के जाता है. हम उठाता है." आता आमच्याही वस्तू तिकडेच जाणार.

त्या ट्रेमध्ये क्रिकेटरचं एक कार्ड होतं, च्युइंगममधलं. आईला दाखवायला म्हणून उचललं. चष्मा पर्समध्ये. अंकलनी ते माझ्या हातून घेतलं, ओला टिश्यू काढला आणि कोपरा खसाखसा पुसला. टिश्यूवर लाल उतरलं. खालून पिवळं दिसलं. उजवा कोपरा, बाबा! माझ्या तोंडून "अंकल, रुको" निघेपर्यंत लाल संपलेलं होतं.

मी तो टिश्यूही मागितला. लेक म्हणाली, "आई, इट्स जस्ट अ स्टेन." तिला काय सांगू? तिनं दसऱ्याला माझ्या लॅपटॉपला हळदकुंकू लावलेलं पाहिलंय, पण डब्यातली माणसं बाहेर काढून त्यांना लावणारा आजोबा तिनं पाहिलेला नाही.

तुमचंच कार्ड कशावरून, असं रात्री स्वतःला विचारून बघितलं. दुसऱ्या कुणाला हे वेड असणार हो? टिश्यू वाळून गुलाबी झालाय. घडी घालून कार्डासोबत ठेवलाय, माझ्या हँडबॅगेत. या खेपेला जागेचा प्रश्न नाही. आईच्या हातात कार्ड ठेवलं की ती आधी कोपरा बघणार आणि विचारणार, कुंकू कुठं गेलं. मी अंकलचं नाव सांगेन.

वर तुम्हालाही तसंच लिहिलंय, जणू त्यांनी आपणहून पुसलं. हे पत्र टाकायला पेटीच नाही, तर निदान इथं तरी खरं लिहिते. त्यांना तो कोपरा दिसलाही नव्हता. दोन रियालचं कार्ड एका रियालला पाडून घ्यायचं म्हणून मीच त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "अंकल, इस पे दाग है."