सायबर कॅफेत आबा

आबा,

अंबडला स्टँडसमोर औषधाच्या दुकानावरचा जिना चढून गेलं की जो सायबर कॅफे होता, तो बंद होऊन बरीच वर्षं झाली. आता तिथं मोबाईल दुरुस्त करतात. परवा कामासाठी अंबडला गेले होते, तेव्हा त्या जिन्यापाशी जरा वेळ उभी राहिले आणि वाटलं, तुम्हाला एकदा सगळं नीट लिहून सांगावं. त्यातलं निम्मं तुम्हाला माहीत आहे, कारण तुम्ही तिथं होता. उरलेलं निम्मं तुम्ही गेल्यावर घडलं.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या कॉलेजात त्या वर्षी लेखनाचा एक नवा वर्ग सुरू झाला. कथा-कवितांचा नव्हे. एखादी गोष्ट दुसऱ्याला समजावून सांगणारं साधं, सरळ गद्य कसं लिहायचं, त्याचा. शिकवायला औरंगाबादहून एक सर यायचे, पण एक शनिवार सोडून एक. बाकीचा वर्ग इंटरनेटवर. सर ई-मेलनं विषय पाठवणार, आम्ही लिहून पाठवायचं, ते शेरा मारून परत पाठवणार. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "ज्याला माहीत नाही त्याला कळेल असं लिहायचं, एवढंच इथं शिकायचं आहे. सुंदर लिहायचं असेल त्यांनी खुशाल दुसरीकडे जावं." दोन मुलं खरंच उठून गेली. मी बसून राहिले. मला वाटत होतं, मला दोन्ही येतं.

अडचण निघाली ती कॅफेची. कॉलेजात दोनच कॉम्प्युटर होते आणि ते ऑफिसात. म्हणून कॅफेत जावं लागे, आणि कॅफेत प्लायवूडच्या अरुंद खोल्या, प्रत्येकीला पडदा. मी दुसऱ्यांदा तिथं गेले त्याच दिवशी ही बातमी माझ्याआधी गावात पोचली होती. संध्याकाळी काका आपल्या ओट्यावर येऊन बसले. आई चुलीपुढे भाकरी थापतेय, मी तिच्या मागं ताटं घेतेय, आणि काकांचा आवाज आत येतोय. "पोरगी पडद्याआड बसून राह्यली, दादा. लोकं काय म्हणतील? बंद करा हे शिक्षाण." तुम्ही त्यांना तिथंच सोडून उठलात. आत येऊन पाटावर बसलात. आईनं भाकरी वाढली, ती निम्मी खाऊन झाली, मग तुम्ही मान वर न करता विचारलंत, "त्या मशिनीवर काय करतीस तू?"

"सरांना लिहून पाठवते."

"मंग उद्या मी बी येतो. बाजार हाये उद्या."

कॉलेजच्या मुली आपापल्या येतात आणि मी बापाला घेऊन जाणार. पण दुसरा रस्ता नव्हता.

तुम्ही त्या कॅफेत शिरलात तो क्षण माझ्या डोळ्यापुढून कधीच जात नाही. धोतर, पांढरी टोपी, हातात वांग्याची पिशवी. कॅफे चालवणारा मुलगा मारवाड्याच्या घरचा, खाली त्यांचंच औषधाचं दुकान. तो गडबडून उभाच राहिला. तुम्ही पडद्याला हात लावून विचारलंत, "ह्यो कशाला?"

"काका, आजकाल सगळ्यांना लागतो."

"आमाला न्हाई लागत." असं म्हणून तुम्ही तो पडदा गोळा केलात आणि बैलाचा कासरा बांधावा तशी त्याला गाठ मारलीत. मग स्वतःच एक खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसलात. त्यानंतर आपण गेलो की तो मुलगा आधीच पडदा बांधून ठेवायचा.

मी मराठी लिहायची, पण इंग्रजी अक्षरांत. आपल्या अक्षरांत पाठवलं तर सरांच्या कॉम्प्युटरवर नुसते चौकोन दिसायचे. तुम्ही पडद्याकडे, म्हणजे मशिनीच्या पडद्याकडे, बराच वेळ बघत राहिलात. "हे तर इंग्रजी." मी वाचून दाखवलं. तुम्ही हसलात. "अक्षर साहेबाचं आन् बोलणं आपलं. झकास." मी बटण दाबून मेल पाठवला तर लगेच विचारलंत, "कुठं गेलं?" औरंगाबादला, मी म्हणाले. "आत्ता? पोचलं बी?" पोचलं. "मंग उत्तर का न्हाई आलं अजून?"

उत्तर आलं पुढच्या आठवड्यात. मी 'स्त्रीशिक्षणाचे महत्त्व' असा निबंध पाठवला होता. ज्ञानाची गंगा, प्रगतीचे पंख, सगळं त्यात होतं. शाळेत अशा निबंधाला मला बक्षीस मिळालं होतं. सरांचा शेरा होता दोन ओळींचा: 'हा निबंध कुणीही लिहिला असता. तुला स्वतःला ठाऊक असलेली एक गोष्ट मला सांग.' माझे कान तापले. तुम्ही शेजारी होता, म्हणून रडता येईना. तुम्ही म्हणालात, काय लिहिलंय, वाच. मी शेरा वाचला. मग म्हणालात, तुझं बी वाच. मी माझा निबंध पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, सरांनी अन्याय केला हे तुम्हाला पटावं म्हणून जरा जोरातच वाचला. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत.

"भारी वाटलं," तुम्ही म्हणालात. "पण समजलं काय बी न्हाई."

सरांच्या शेऱ्यापेक्षा हे मला जास्त लागलं. गाडीत घरापर्यंत मी तुमच्याशी बोलले नाही. पण घरी येईस्तोवर एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती: सरांना माझं लिहिणं आवडलं नव्हतं, तुम्हाला आवडलं होतं, आणि दोघांची तक्रार मात्र एकच होती. त्यानंतर पाठवण्याआधी प्रत्येक लिखाण मी तुम्हाला वाचून दाखवू लागले. तुम्ही कधी शहाणपण शिकवलं नाहीत. समजलं तर मान हलवायची, न समजलं तर "हितं अडलं" म्हणायचं. बस. चुलीवरच्या दुधाला सायीसाठी किती वेळ जाळ कमी ठेवायचा, हे मी लिहिलं, तेव्हा तुम्ही चार ठिकाणी अडलात. मी चारही ठिकाणी दुरुस्ती केली, आणि सरांनी पहिल्यांदा शेऱ्यात लिहिलं, 'आता मी हे करू शकेन.'

दिवाळी झाली आणि अंकुशनगरच्या कारखान्याची ऊसतोड आपल्या शिवारात आली. आता तुम्हाला माझ्याबरोबर येणं जमणार नव्हतं. तोपर्यंत आपण संध्याकाळच्या गाडीनं परतत होतो, कारण आपल्या गावावरून तीर्थपुरीकडे जाणारी दुपारची गाडी वर्ग सुटायच्या वीस मिनिटं आधीच निघून जायची, आणि पुढची थेट दिवेलागणीला. तुम्ही बरोबर होता म्हणून ते चालत होतं. एकटीला कोण येऊ देणार? आणि माझ्या एकटीचाच हा प्रश्न नव्हता. सायन्सच्या मुलींची प्रॅक्टिकलही तेव्हाच सुटायची. आपल्या रस्त्यावरच्या गावांतल्या तिघींनी त्याच वर्षी कॉलेज सोडलं होतं. काका पुन्हा ओट्यावर आले. या वेळी तुम्ही बोललात, पण जे बोललात ते मला आवडलं नाही. "तोड होईस्तोवर थांबव पोरी. मंग बघू."

'मंग बघू' म्हणजे काय, हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

नेमका त्याच आठवड्यात सरांचा विषय आला: 'एखादी अडचण अशी मांडा की वाचणाऱ्याला उपाय आपसूक दिसावा. विनवणी नको, राग नको.' मी एस.टी. डेपोच्या साहेबांना अर्ज लिहिला. आम्ही खेड्यातल्या गरीब मुली, आमच्यावर दया करा, असा. तुम्हाला वाचून दाखवला. तुम्ही मान हलवली नाहीत.

"दया कर म्हणलीस, पण त्यानं करायचं काय? गाडी थांबवली तर ती पुढं कुठं अडकती? तिकडचे लोकं बोंबलतील न्हाई का?"

मला माहीत नव्हतं. तुम्हालाही माहीत नव्हतं. म्हणून तोडीतून एक दिवस काढून आपण दोघं त्या दुपारच्या गाडीत बसलो आणि आपलं गाव मागं टाकून तीर्थपुरीपर्यंत गेलो. तुम्ही खिडकीशी, मी कंडक्टरशेजारी. मी विचारत गेले, तो सांगत गेला. गाडी तीर्थपुरीला पोचते आणि पाऊण तास नुसती उभी राहते. परतीची वेळ होईपर्यंत ड्रायव्हर चहा पितो, कंडक्टर पेपर वाचतो. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्हालाही कळलं होतं. अंबडहून गाडी अर्धा तास उशिरा काढली तरी परतीच्या वेळेला धक्का लागत नव्हता. एकाही माणसाचं काही बिघडत नव्हतं.

अर्ज मी पुन्हा लिहिला. वर्ग कधी सुटतात, गाडी कधी निघते, तीर्थपुरीला किती वेळ उभी राहते, कोणत्या गावच्या मुली तिला मुकतात. दया हा शब्द काढून टाकला. सरांना पाठवला तर त्यांचं उत्तर त्याच दुपारी आलं: 'पहिला परिच्छेद खोड. दुसऱ्यापासून सुरू कर. आणि हा मला नको, ज्याचा आहे त्याला दे.'

डेपोच्या साहेबांच्या टेबलापुढे आपण उभे आहोत. तुम्ही टोपी नीट केलीत. साहेबांनी अर्ज हातात घेतला तेव्हा ते दुसऱ्या कुणाशी तरी बोलत होते. दुसऱ्या ओळीला त्यांचं बोलणं थांबलं. शेवटपर्यंत वाचून त्यांनी माझ्याकडे नाही, तुमच्याकडे बघून विचारलं, "कुणाकडून लिहून घेतलं हे?"

"तिनंच लिव्हलं," तुम्ही म्हणालात. "मी नुसता शेजारी बसल्तो."

साहेबांनी कंट्रोलरला बोलावलं. "तीर्थपुरीला गाडी उभी राहून राह्यली का एवढा वेळ?"

"हो साहेब. ड्रायव्हर चहा पितो तितं."

"मंग त्याला म्हणावं, हितंच पीत जा."

एवढंच झालं, आबा. नंतर कितीतरी मोठमोठ्या खोल्यांत मी लोकांना काही ना काही पटवून दिलं, पण त्या टेबलापुढे छाती जशी भरून आली तशी पुन्हा आली नाही. पंधरवड्यात वेळ बदलली. आधी प्रायोगिक म्हणून, मग कायमची. सोडून गेलेल्या तिघींपैकी दोघी परत आल्या. तिसरीचं लग्न ठरलं होतं. आणि पुढच्या जूनमध्ये काकांनी त्यांच्या मुलीचं नाव कॉलेजात घातलं. काकू येऊन आईला म्हणाली, "गाडी बराबर हाये आता, म्हणून." आईनं तिला चहा दिला आणि आत येऊन माझ्याकडे बघून हसू दाबलं.

हे सगळं तुम्हाला माहीत आहे. आता पुढचं ऐका.

तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या वर्षी मला जालन्याला बियाण्याच्या एका कंपनीत नोकरी लागली. पिशवीत बियाण्याबरोबर जो घडीचा कागद निघतो, तो मी लिहिते. आधी तो कसा असायचा, आठवतं? तुम्ही तो न उलगडताच बांधावर टाकून द्यायचात. 'पेरणीपूर्व बीजप्रक्रिया अवश्य करावी.' कशी करावी, कुणी सांगायचं? मी तो सगळा नव्यानं लिहिला. घमेलं घ्या, बी ओलं करा, हातमोजे घाला, औषध किती, सावलीत किती वेळ वाळवा. आमचे मोठे साहेब म्हणाले, "मॅडम, ही काय कंपनीची भाषा झाली का? बिलकुल शोभत नाही." मी म्हणाले, शिपायाला बोलवा. त्याला आधी जुना कागद वाचून दाखवला, मग नवा. जुन्या कागदाला तो अदबीनं उभा राहिला. नव्या कागदाच्या मध्यावर त्यानं विचारलं, "मंग हातमोजे पिशवीतच भेटतात का?" साहेबांनी माझा कागद मंजूर केला, आणि त्या वर्षीपासून पिशवीत हातमोजेही टाकायला लागले. आज माझ्या हाताखाली चौघं काम करतात. कुणी 'महत्त्व विशद करणे' असं लिहून आणलं की मी पेन खाली ठेवते आणि म्हणते, मला समजलं नाही. ते घाबरतात. घाबरू देत. मी माझं काम चांगलं करते, आबा, हे मी कुणालाही तोंडावर सांगू शकते.

हे पत्र कुठल्याच पेटीत टाकता यायचं नाही, ते मला ठाऊक आहे. आईला वाचून दाखवलं तर ती डोळ्याला पदर लावील आणि स्वयंपाक राहील. म्हणून कपाटातच ठेवीन.

फक्त एक सांगायचं राहिलं. गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या लेकीला शाळेत आजोबांवर पाच ओळी लिहायच्या होत्या. ती वही घेऊन माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "आई, आजोबा कसे होते?" मी दिवसभर लोकांना लिहायला शिकवणारी बाई, तिच्याकडे बघत बसले. सांगायला इतकं होतं की एक ओळ सुटी होईना. ती पेन्सिल घेऊन वाट बघत होती. शेवटी मी म्हणाले, "उंच होते."

तिनं ते लिहून घेतलं. तुम्ही उंचसुद्धा नव्हता.