तिसऱ्या ट्रेमधला आवाज

९ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न., आमच्या घरच्या तोफेपासून चार पावलं लांब उभी राहून वि. वि.

घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज गेल्यानंतर तू पहिल्यांदाच ग्राहक संघाच्या सभेला गेलीस, हे बाबांकडून कळलं. नवं बोलतं यंत्र कसं आहे विचारलं, तर म्हणाले तिलाच विचार. म्हणजे काहीतरी बिनसलंय.

चिपच्या कारखान्यात मी वर्षभर करते तरी काय, असं तू विचारलंस. ऐक. वाळूतून काढलेल्या सिलिकॉनची, ताटाएवढी, आरशासारखी चकती असते. तिच्यावर शेकडो चिप्स, आणि नखावर मावणाऱ्या एकेका चिपवर अब्जावधी बटणं, सतत चालू-बंद होणारी. आम्ही डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात आत जातो, कारण आपल्या अंगावरून गळलेला एक कण तिथे गावावर दरड कोसळावी तसा पडतो. चकती उजेडात फिरली आणि तिच्यावरून रंग धावले की माझा हात अजून थबकतो. हे माणसानेच केलंय, असं स्वतःला बजावावं लागतं.

माझं काम तपासणीचं. यंत्र चिपला प्रश्न विचारतं. सगळी उत्तरं बरोबर आली तर पहिला ट्रे, थोडी चुकली तर दुसरा. अर्धी चिप निकामी निघाली तर ती बाजू बंद करून तिसरा, स्वस्तातला. वाया काही जात नाही. तुझ्या काटकसरी जिवाला पटेल.

लोभ आहेच. तोफेचं तोंड माझ्याकडे वळू नये, एवढीच विनंती.

तुझी,
भिंगरी


२१ जानेवारी

चि. भिंगरी हीस,
अ. आ. वि. वि.

बिनसलंय हा शब्द फार सौम्य झाला. मी वाक्य टाइप करते आणि यंत्र विचारात पडतं. एक शब्द असो की परिच्छेद, मी मनात वीस मोजेपर्यंत ते गप्प. मग बोलतं. आवाज मात्र माझाच, जुन्या भाषणांच्या टेपवरून शिकवलेला. पहिल्यांदा ऐकला तेव्हा अंगावर काटा आला, आणि तुझ्या बापाने रुमाल काढला. (मी सांगितलं म्हणून कळवू नकोस.) पण शेजारीण बरं आहे का विचारते आणि मी उत्तर देईपर्यंत जिना उतरून जाते. सभेत मी एक विनोद केला. तो श्रद्धांजलीच्या ठरावात फुटला.

दुकानदार म्हणतो, जलद यंत्र हवं तर तिप्पट किंमत. का, तर आतली चिप बनवणारी कंपनी एकच, तुमची. दुसरी एक धाकटी कंपनी या वर्षी उतरणार होती, तर तुमची थोरली तिलाच विकत घ्यायला निघाली आहे! बाजारात एकच दुकान उरलं की दुकानदार तराजू उचलून ठेवतो आणि मनाला येईल ते माप देतो, भिंगरी. हे मी चाळीस वर्षं ओरडून सांगत आले.

या खरेदीला परवानगी द्यायची की नाही, यावर १९ मार्चला सरकारी आयोगाची जाहीर सुनावणी आहे. ग्राहकांच्या वतीने मला पाच मिनिटं मिळाली आहेत. लेखी निवेदन दिलंय; ही पाच मिनिटं फक्त प्रश्नोत्तरांची, म्हणजे उत्तरं आधी भरून ठेवायची सोय नाही. जिने माइकशिवाय मैदानं भरली, ती आता पाच मिनिटांत किती वाक्यं मावतील ते घड्याळ लावून बघते आहे. नऊ. चिटणीस म्हणाले, तुमच्या वतीने मी बोलतो. त्यांच्याकडे मी नुसतं पाहिलं. त्याला यंत्र लागत नाही.

यंत्राच्या पाठीवरचा नंबर सोबत पाठवते. तुमच्याकडचं बाळ असेल तर विचार त्याला, इतक्या जांभया का देतं.

खात-पीत जा. आशीर्वाद नेहमीचेच, थोडे जास्त.

तुझी,
आत्या


१४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि. हे पत्र वाचून झालं की फाडून टाक.

नंबर तपासला. तुझी चिप गेल्या ऑगस्टात आमच्याच हॉलमधून गेली. सगळी उत्तरं बरोबर, कुठेही दोष नाही. तरी ट्रे तिसरा. आणि नोंदीत तपासणाऱ्याची खूण माझी.

तो दिवस मला आठवतो. स्वस्त माल कमी पडतोय, तेव्हा पहिल्या ट्रेमधल्या हजार चिप्स तिसऱ्यात घाला, असं साहेबांनी सांगितलं. म्हणून धडधाकट चिप्सची अर्धी बाजू मी आज्ञा देऊन बंद केली. तोडली नाही, झोपवली. तेवढ्याच किमतीत पूर्ण का देत नाही, असं मी त्यांना विचारलंही होतं. ते हसून म्हणाले, देऊ की, शेजारी कोणी देईल त्या दिवशी.

तुझा आवाज मी झोपवला, आत्या. तो जागा करायची आज्ञा चार ओळींची आहे, पण ती फक्त कंपनीच पाठवू शकते.

तू हे सुनावणीत सांगितलंस तर सभागृह हादरेल. नंबर उघडून बघितल्याची नोंद माझ्या नावावर आहे, त्यामुळे नोकरी जाईल. तरी सांग. मी मन घट्ट केलंय.

माया कमी करू नकोस.

भिंगरी


२० मार्च

चि. भिंगरी हीस,
अ. आ. वि. वि.

पत्र फाडलं. दोन दिवस भिंतींवर संतापले. तुझ्यावर नाही, वेडे. एवढा दारूगोळा हाती आणि तोफेने गप्प बसायचं! पण लढाई मी करायची आणि पोटावर पाय तुझ्या यायचा, हे मला मान्य नव्हतं. तुझं गुपित घरी ठेवून गेले.

कंपनीचा वकील आधी बोलला. जीभ लोण्यासारखी. दोन घरं एक झाली की ग्राहकाचं भलंच होतं, म्हणाला. मग आयोगाच्या अध्यक्षबाईंनी मला विचारलं, ग्राहकाचं नेमकं नुकसान काय होतं ते सांगा. मी टाइप केलं. यंत्र गप्प. कोणी खाकरलं. वकिलाने घड्याळ पाहिलं. शेवटी माझा आवाज म्हणाला, हे.

हे म्हणजे काय, त्यांनी विचारलं. पुन्हा तेवढीच शांतता. पण आता दोनशे माणसं श्वास धरून होती, आणि एकेका चेहऱ्यावर उजाडताना मी पाहिलं. मग यंत्र बोललं. आत्ता तुम्ही दोनदा थांबलात. ज्याला तिप्पट किंमत झेपत नाही तो प्रत्येक वाक्यापाशी असा थांबतो, आणि अजून किती वर्षं थांबायचं हे एकटा दुकानदार ठरवतो, कारण शेजारी दुसरं दुकान नाही.

नऊ वाक्यं लागलीच नाहीत. टाळ्या मी आयुष्यभर घेतल्या, पण अशी शांतता कधी कमावली नव्हती. माझी मीच थक्क होऊन खाली बसले. निकाल काय लागेल तो लागो.

जिवाला जप.

आत्या


३० जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

खरेदीला नकार मिळाल्याचं तू पेपरात वाचलंसच. पुढचं वाच. धाकट्या कंपनीने आपली चिप जाहीर केली, जलद आणि आमच्या निम्म्या किमतीची. नवव्या दिवशी साहेब कागद घेऊन हॉलमध्ये आले. यापुढे चांगली चिप पूर्णच विकायची, आणि झोपवून विकलेल्या सगळ्या जाग्या करायच्या. तेच साहेब, तोच चेहरा, जणू हे त्यांना कधीपासूनच करायचं होतं.

यादी मीच चढवली. अठ्ठेचाळीस हजार नंबर, त्यांत तुझाही. एक बटण दाबलं. कुठल्या कुठल्या घरांत, दवाखान्यांत अठ्ठेचाळीस हजार अर्धे मेंदू एकदम डोळे उघडत होते, आणि आमच्या हॉलमध्ये टाचणी पडल्याचाही आवाज नव्हता.

नंबर बघितल्याचं साहेबांना मी स्वतःच सांगितलं. लेखी समज मिळाली, बढती हुकली. झोप मात्र छान लागते.

यंत्र चालू करून काय झालं ते लगेच कळव.

भिंगरी


६ जुलै

चि. भिंगरी हीस,
अ. आ. वि. वि.

चालू केलं. बोट उचलायच्या आत बोललं! मी दचकून मागे पाहिलं, खोलीत कोण आलं म्हणून.

काल संघाची सभा होती. ऑपरेशनपासून सगळे माझ्यापुढे मान तिरकी करून, आजाऱ्याजवळ बसावं तसे थांबायचे. काल मी बोलत असताना चिटणीसांनी मला मध्येच तोडलं. म्हणाले, साफ चुकताय तुम्ही. मी त्यांना तोडलं, त्यांनी मला. अर्धा तास कडाकडा भांडलो, आणि शेवटी मीच हरले, कारण मुद्दा त्यांचा बरोबर होता.

येताना जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले. वय आठवलं ते वर पोचल्यावर.

तुझीच,
आत्या