सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं

बाबा, तुमच्यावर मी पहिल्यांदा हात उचलला तो दवाखान्यातल्या डॉक्टर बाईंच्या सांगण्यावरून. चिरेखाणीत दगड कापायच्या मशीनवर वीस वर्षं काढल्यावर तुमच्या छातीत काय काय साठलंय ते त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरून दाखवलं. मला कळलं एवढंच की कफ घट्ट झालाय, आपणहून वर येत नाही, तो पाठ ठोकून सोडवावा लागेल. तुम्हाला कुशीवर झोपवून, कमरेखाली उशी सरकवून त्यांनी मला शिकवलं. हाताची ओंजळ करायची, पंजा सपाट ठेवायचा नाही. मणक्यावर नाही, बरगड्यांच्या खाली नाही. पाठीवर टॉवेल टाकून सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं. "घाबरू नका, मारा, वडिलांना लागणार नाही," असं त्या मला समजावत होत्या. ज्या बापाने बारावीतल्या मुलीच्या पोटऱ्या शिमटीने फोडून काढल्या होत्या, त्याची पाठ टॉवेल घालून माझ्यापुढे ठेवलेली. मला हसू आलं, ते मी खोकल्यात लपवलं.

आईला हे मुळीच पटलं नाही. ती तुमच्यासाठी अडुळशाची पानं वाटायची, गुळण्यांना मिठाचं पाणी कोमट करून द्यायची, पण पाठीला हात लावायला तयार नव्हती. शेवटी तोडही तिनेच काढली. "बापाशीवर हात उगारतंस, तर आधी पाया पड," म्हणाली. म्हणून रोज दोन वेळा मी आधी तुमच्या पाया पडायचे आणि मग तुम्हाला बडवायचे. तुम्ही माझ्याकडे न बघता पाय पुढे करायचात. अजून ते सगळं डोळ्यांसमोर आहे. माझी ओंजळ पाठीवर पडते आहे, ढब ढब आवाज होतो आहे, तुम्ही खोकता, राख घातलेल्या डब्यात हिरवट गोळा थुंकता आणि म्हणता, "जोरान मार गो. हात मोडलेत काय तुझे?" वाटेने जाणारं माणूस क्षणभर थबकायचं. आपल्या घरातून मारल्याचे आवाज येणं नवीन नव्हतं, फक्त कण्हणारं माणूस बदललं होतं.

मग ती साराची दुपार. आईने वहाळातून काळे खेकडे आणवले, पाट्यावर ठेचले, मिरी-लसूण घालून कढत सार केलं, छाती मोकळी होते म्हणून. तुम्ही एक घोट घेतलात, "ह्येला काय चव हाय?" म्हणालात आणि अख्खं पातेलं तिच्या दिशेने भिरकावलंत. सार तिच्या दोन्ही पायांवर सांडलं. ती ओरडली नाही. मोरीत जाऊन पायांवर पाणी ओतत बसली, आणि तिथूनच मला म्हणाली, फरशी पूस, नाहीतर ते घसरतील. पायांवर टरारून फोड आले होते आणि तिला काळजी तुमच्या घसरण्याची.

त्या संध्याकाळी मी पाया पडले नाही. टॉवेल घातला नाही. मूठ वळली आणि बाईंनी बोट ठेवून जिथे जिथे नाही म्हटलं होतं, नेमकं तिथे मारलं. बरगड्यांच्या खाली, मणक्यावर, पुन्हा पुन्हा, दात आवळून. तुम्ही उशी तोंडात धरलीत. तुम्ही मरायला हवे होतात मला. हे रागाच्या भरात लिहीत नाही, शांतपणे बसून लिहिते आहे, आणि तरी तेच लिहिते आहे. थांबले ती माझा हात दुखला म्हणून. तुम्ही उठून बसलात, खूप वेळ खोकलात, डब्यात डोकावलंत, तोंड पुसलंत. "आज बरां सुटलां," म्हणालात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा मूठच वापरली, आणि दवाखान्यातल्या पुढच्या तपासणीच्या दिवसापर्यंत वापरत राहिले.

तपासणीला बाईंनी तुमचा सदरा वर केला आणि त्या थांबल्या. कमरेच्या वर सगळं काळंनिळं. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग तुम्हाला विचारलं, हे काय? मी तोंड उघडलं, पण तुम्ही आधी बोललात. "पडलो. चिऱ्यांवर." बाईंनी विचारलं, अजून खाणीत जाता? "सवय जात नाय," म्हणालात. खाण सोडून तुम्हाला वर्ष होत आलं होतं. आई खाली मान घालून पदराचं टोक चाळवत होती. तिचं मनगट मोडलं होतं तेव्हा तिनेही याच दवाखान्यात पडल्याचंच सांगितलं होतं, आणि तेव्हा तुम्ही बाजूला उभे होतात. आता त्या जागी मी होते. तुमचा इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. मला पकडलं जायचं होतं, बाबा. बाईंनी दरडावून विचारावं आणि मी शिमटीपासून सगळं ओकून टाकावं, असं मनात तयार होतं. तुम्ही मला सोडवलंत आणि माझं बोलणंही काढून घेतलंत. ते माझ्यासाठी केलंत की घरातलं घरात राहावं म्हणून, हे मी कधी विचारलं नाही.

आता तुमच्या माघारी वाडीत कुणाची छाती भरली की मला बोलावतात. आज शेजारच्या सुनेला तिच्या सासूची पाठ ठोकायला शिकवून आले. ती म्हणाली, "तुमचे बाबा नशिबाचे हो, लेकीने येवढी सेवा केली." मी हात धुतले आणि घरी आले. मी तुमची माफी मागत नाही, तुम्हीही मागितली नव्हती. हे वहीतच राहील.

फक्त दवाखान्यातून परतलो त्या संध्याकाळचं तुम्हाला सांगते. मी टॉवेल घातला, ओंजळ केली, काळंनिळं झालेलं टाळून हलक्या हाताने ठोकत राहिले. कफ फारसा सुटत नव्हता. तुम्ही मान न वळवता विचारलंत, "दमलंस काय गो?" मी हो म्हटलं. मी दमले नव्हते.