रोज नवी मिस

बाई,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्याशी बोलायचं म्हटलं की मी अजून पाठ ताठ करून बसते. मिरजेची आपली शाळा मागे राहिली, मी आता चेन्नईत असते. नवऱ्याची इथल्या मोटार कारखान्यात बदली झाली आणि माझी शिक्षिकेची नोकरी तिकडेच सुटली. इथे प्रत्येक शाळेत तेच प्रश्न: तमिळ येतं का, मधली वर्षं काय केलंत. संसार केला म्हटलं की फाइल मिटते. त्यामुळे अड्यारच्या एका शाळेने गणितासाठी डेमोला, म्हणजे वर्गावर नमुन्याचा तास घ्यायला बोलावलं, तेव्हा मी पुठ्ठ्याचा गोल डोसा कापून, छान खरपूस रंगवून ठेवला. अपूर्णांक शिकवायला सगळे पिझ्झा कापतात, आपण डोसा कापू, अशी माझी हुशारी.

सहावीचा वर्ग. मागच्या बाकावर मुख्याध्यापिका आणि त्यांच्या सहायक मॅडम. मी डोसा वर धरते तोच पहिल्या बाकावरची मुलगी हळूच म्हणते, "मिस, नेत्तु पिझ्झा, इन्निक्कु दोसैया?" काल पिझ्झा, आज डोसा का? वर्ग हसतो. मी वाकून, माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये विचारलं, काल कोण होतं? तिने सांगितलं, गणिताच्या मिस सुट्टीनंतर आल्याच नाहीत. तेव्हापासून रोज नवी मिस येते. रोज अर्धा आणि पाव. आणि परीक्षा तर तोंडावर आलीय.

माझ्या लक्षात यायला वेळ लागला नाही. जागा भरायची कुणाला घाई होती? उमेदवार येत होते, तास निघत होता. फुकट ते पौष्टिक. राग आला, आणि रागापेक्षा जास्त लाज वाटली, त्या डोशाची. मग तुम्ही आठवलात. शाळेत तपासणीला साहेब आले होते. बाकीच्या वर्गांत घोकलेले पाढे चालले होते, आणि तुम्ही मला फळ्यापाशी उभं केलंत, आदल्या दिवशी चुकलेला भागाकार देऊन. मी साहेबांसमोर पुन्हा चुकले. शाळा सुटल्यावर रडत विचारलं, मलाच का? तुम्ही पदर खोचत म्हणालात, "साहेब आज आहेत, उद्या नाहीत. तू उद्याही इथेच बसणार आहेस." तेव्हा मला तुमचा भयंकर राग आला होता.

मी डोसा पिशवीत टाकला आणि फळ्यावर लिहिलं, अर्धा अधिक एक तृतीयांश. वर्गाने एका सुरात उत्तर दिलं, "टू बाय फाइव्ह, मिस." दोन पंचमांश. मी म्हटलं, अर्ध्यात भर घातली, मग उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसं झालं? ते कमी आहे हे पटवण्यातच तास गेला. घंटा व्हायच्या सुमाराला ती पहिल्या बाकावरची मुलगी स्वतःशीच पुटपुटली, "आमाल्ल." हो की. त्या एका शब्दाने मला किती आनंद झाला, तुम्हालाच कळेल.

ऑफिसात सहायक मॅडम म्हणाल्या, "क्लास थोडा डल वाटला, मॅम. ॲक्टिव्हिटी नव्हती." मग चाचणीच्या पेपरांचा गठ्ठा पुढे सरकवला. पेपर तपासणं हाही मुलाखतीचा भाग होता म्हणे. मी विचारलं, "जागा खरंच आहे का?" माझ्याकडे न बघता उत्तर आलं, "प्रोसेस चालू आहे, मॅम." आणि मी मुकाट्याने गठ्ठा तपासून दिला. गरजवंताला अक्कल नसते.

आता निरोप आलाय: सोमवारी परत या, तोच वर्ग, शेवटची फेरी. नवरा म्हणाला, "अजिबात जाऊ नकोस. राबवून घेतायत तुला." मी म्हटलं, पोरांची परीक्षा आहे, त्यांचं अडलंय.

हे पत्र पेटीत पडायचं नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगते. पोरांचं अडलंय हे खोटं नाही, पण त्यांचं नाव मी नुसतं पुढे केलं. जाणार आहे ती माझ्यासाठी. मी दारातून आत गेले की अख्खा वर्ग उभा राहतो, मला मिस म्हणतो, आणि तेवढ्यासाठी मी बोलावतील तितक्या वेळा जाईन. शाळेला हे माझ्याआधीच कळलं असावं.