घरचं इंजेक्शनचं पाणी

३ एप्रिल १९६१, सोमवार. मुरूम.
आजपासून रोजनिशी. शास्त्रीय काम करणाऱ्या माणसाच्या नोंदी असाव्यात.
डॉक्टर दवाखाना बंद करून सोलापूरला गेले, त्याला चार महिने झाले. अकरा वर्षं मी त्यांचा कंपाउंडर. आता सुई मीच देतो. गाव मला 'दाक्तरसाब' म्हणतं. मी टोकत नाही. लोकांचा उत्साह कशाला मोडा?
अडचण एकच. पेनिसिलिनची पावडर आहे, पण ती विरघळवायच्या पाण्याच्या अँप्युल सोलापूरहून एस.टी.नं येतात. म्हणजे येत नाहीत. आज तीन पेशंट परत गेले.
निश्चय : पाणी घरीच करणार. शेवटी पाणीच ना ते!

५ एप्रिल, बुधवार. सकाळी.
तांब्याचा हंडा. झाकण कणकेनं लिंपलं. त्यातून रबरी नळी, नळी गार पाण्याच्या घमेल्यातून बाटलीत. थेंब पडायला लागले! टाळी वाजवावीशी वाटली.
इरम्मा म्हणाली, दारू अशीच गाळतात. बायको असली तरी अडाणी ती अडाणी. तिला डिस्टिल्ड वॉटर म्हणजे काय ते समजावलं. ती म्हणाली, हंडा माझाय, संध्याकाळच्या आत मोकळा करून द्या.

९ एप्रिल, रविवार.
पेनिसिलिनच्या रिकाम्या बाटल्या धुऊन त्यात पाणी भरलं. रबरी बुचं जुनीच. पातेल्यात वीस मिनिटं उकळल्या. डॉक्टरांच्या पुस्तकात दाबाखाली वाफ द्या असं काहीतरी आहे. पुस्तक विलायती. तिकडचे जंतू दांडगे असतील.
एकूण सव्वीस बाटल्या. फळीवर ओळीनं लावल्या. फार छान दिसतात.

१४ एप्रिल, शुक्रवार.
शुभारंभ. मास्तरांच्या आई गिरिजाबाई यांना टोचलं. तासाभरात हुडहुडी भरली, तीन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. मास्तर धावत आले. त्यांना सांगितलं, औषध आणि रोग यांची झटापट चाललीय. संध्याकाळी ताप उतरला.
औषध जोरात लागू पडतं. नोंद.

१८ एप्रिल, मंगळवार.
चार बाटल्यांत कापसाच्या धाग्यासारखं काहीतरी तरंगतंय. इरम्मा म्हणाली, ओतून द्या. ओतणारच होतो, पण अँप्युल आजही नाहीत. मलमलच्या फडक्यातून गाळून पुन्हा उकळलं. आता काचेसारखं स्वच्छ.
दुपारी अडत बाजारातला हमाल धोंडीबा आला. खोकला, ताप. दोन माणसांचं पोतं एकटा उचलणारा गडी, पण सुई बघून डोळे मिटले. त्याच गाळलेल्या पाण्यातलं औषध कमरेवर टोचलं. म्हणाला, दाक्तरसाब, हात लई हलका हाय तुमचा.

२१ एप्रिल, शुक्रवार.
धोंडीबाचं इंजेक्शन पिकलं. जागा लाल, लिंबाएवढी सुजलेली. नक्की चोळलं असणार. विचारलं तर न्हाय म्हणतो. शेकायला सांगितलं.

२४ एप्रिल, सोमवार.
आमच्या चंद्रप्रभाला काल ताप. घसा धरला, पाणीसुद्धा गिळेना. पोर नऊ वर्षांची. सिरिंज उकळली. फळीवरून बाटली घेतली, परत ठेवली. इरम्मा दारात उभी होती.
सायकलनं उमरग्याला गेलो. ऊन फार. औषधाच्या दुकानातून कंपनीच्या दोन अँप्युल आणल्या, येऊन टोचलं. आज पोरीनं भाकरी खाल्ली.
वास्तविक घरात बावीस बाटल्या होत्या. पण तो साठा पेशंटांसाठी. घरच्यांनी त्यात हात घालणं बरं नव्हे.
इरम्मा म्हणाली, "उमरग्याला गेलातच, तर धोंडीबालाबी आणायचं हुतं."
सायकलला तेल द्यायचं होतं. उठलो.

२७ एप्रिल, गुरुवार.
धोंडीबाला हमालांनी बैलगाडीत घालून उमरग्याला नेलं. गळू थेट हाडापर्यंत गेलेलं. सरकारी डॉक्टरांनी फाडलं आणि त्याच्या बायकोला, सुंदराला, विचारलं, इंजेक्शन कुठल्या पाण्यात दिलं? ती म्हणाली, दाक्तरसाबांच्या. त्यावर त्यांनी मला निरोप धाडला : शरणप्पा, सुई खाली ठेवा.
शिकलेल्या माणसाला मत्सर लवकर होतो. 
धोंडीबाला पुढं सोलापूरला हलवलंय. बरा होईल. गडी दांडगा आहे.

३० एप्रिल, रविवार.
धोंडीबा गेला. विष रक्तात पसरलं होतं म्हणे.
हमाल लोक अंगाची काळजी घेत नाहीत.
वरचं वाक्य खोडणार होतो. राहू दे. मीच लिहिलंय.
बाजार आज बंद होता. अंत्ययात्रेला गेलो. लोकांनी मला पुढं जायला वाट करून दिली. सगळे हमाल पाया पडले, म्हणाले, दाक्तरसाब, तुमी लई केलंत त्याच्यासाठी.
जेवण गेलं नाही. पित्त असावं.

१ मे, सोमवार.
बाटल्या ओतून दिल्या. पावसाळ्यापूर्वी फळी साफ करायचीच होती.

४ मे, गुरुवार. सकाळी दहा.
सुंदरा आली. अंग तापलेलं, डोळे लाल. ओट्यावर टेकली, पदर सारून दंड पुढं केला. म्हणाली, "त्यांला दिलं तसलंच मलाबी द्या. लई इस्वास हुता त्यांचा तुमच्यावर."
म्हणणार होतो की औषध संपलंय. एस.टी. चुकली असंही तोंडाशी आलं. इरम्मा आतून येऊन माझ्या शेजारी उभी राहिली.
मग म्हणालो, "ते पाणी मी घरी केलेलं होतं, सुंदराबाई. खराब झालं होतं. मला दिसलं होतं. तरी दिलं."
ती माझ्याकडं बघत राहिली. तिला कळलं की नाही, कळेना. दंड तसाच पुढं.
म्हणाली, "मंग चांगलं पानी कंदी येतंय? थांबते की मी."
इरम्मानं तिचा पदर सारखा केला, हाताला धरून उठवलं आणि उमरग्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. मला चला कुणीच म्हणालं नाही.