धडधड आणि बाकीचं सगळं

३ मार्च, मंगळवार

आणि मी पुटपुटत नाही! दर फोनला ताईचं तेच. "स्पष्ट बोल, तोंडात काय धरलंयस?" परक्या मुलखात येऊन माझी वाचा बसली असं तिचं मत झालंय. मी इतका ओरडून बोलतो की माझ्या खोलीत राहणारा प्लंबर चादर डोक्यावरून घेतो, तरी मी पुटपुट्या.

भांडण गाण्यावरून. तिला मोठे हेडफोन पाठवलेत, अख्खा कान झाकणारे. त्यात ऐक म्हणून माझ्या नाचाच्या गाण्यांतलं हार्डस्टाइल पाठवलं. मुद्दाम. त्यातल्या त्यात गोड तेच. मिनिटाला दीडशे ठोक्यांची चाल, किक म्हणजे ढोलाचा ठोका पडला की मागे त्याची शेपटी घुमते, आणि मध्येच सगळं थांबून वर अशी चाल उलगडते की माणसाने हात वरच करावेत. ताईचं उत्तर — "ऐकलं. धडधड येते. बाकी काही नाही."

बाकी काही नाही! अरे, गाणं सगळं त्या बाकीतच आहे!

५ मार्च

प्लंबर झोपलाय, अंधारात लिहितोय, म्हणून अक्षर असं.

आमच्या साउंडच्या गोदामात चष्मेवाला म्हणजे देव. आम्ही बॉक्स उतरवायचे, केबली गुंडाळायच्या, आवाज त्याने लावायचा. मी केबल गुंडाळताना कायम डोकं हलवत असतो, ते त्याने बघितलंय. आज म्हणाला, "माझा गाणी वाजवायचा जुना डेक विकतोय. तू घेतलास तर एकवीस तारखेला हॉलमधल्या पार्टीत पहिला अर्धा तास तुझा." मी म्हटलं, "माझा म्हणजे?" तर म्हणाला, "तुझा म्हणजे तुझा. वाजव."

साठवलेलं आहे. पुरतं. पण ताईला विचारल्याशिवाय नाही. मी सातवीत शाळा सोडली तेव्हा घरात सगळे बोलले, ती एकटी बोलली नाही. पत्र्याच्या कारखान्यात प्रेसवर डबल पाळ्या करून माझं इकडचं तिकीट तिने काढलं. आणि आत्ता विचारलं तर काय म्हणेल? "धडधडीसाठी एवढे पैसे?"

म्हणजे आधी तिचा कान तयार करायचा. मग प्रश्न. एकेक प्रकार पाठवत राहणार. एक तरी लागेलच.

८ मार्च, रविवार

गॅबर पाठवलं. सोबत बोलून पाठवलं — ताई, यात किक मुद्दाम फाडलेला असतो. कापड फाडावं तसा. फाटलेल्या आवाजालाच सूर असतो, तो धर.

उत्तर: "आमचा प्रेस असाच वाजतो. त्याला सूर असता तर मला पगार वाढवून मिळाला असता."

प्लंबर इतका हसला की पोटाला हात लावून बसला. त्याला तरी कुठे कळतंय! म्हणतो, "तुझं सगळं एकच रे. कोणीतरी दार ठोकतंय आणि कोणी उघडत नाही." मग त्याला बसवून एकेक ऐकवलं. हार्ड टेक्नो — गिरणी चालू आहे आणि तू आत उभा आहेस, हळूहळू तूच गिरणी होतोस. हार्डस्टाइल — किक आणि शेपटी. फ्रेंचकोर — दोनशेची चाल, किकच्या मध्ये बेस घोड्यासारखा उड्या मारतो. स्पीडकोर — तीनशेच्या पुढे, तिथे ठोके वेगळे राहतच नाहीत, नुसता घरघर पट्टा.

संध्याकाळी मी भांडी घासत होतो, मोबाइलवर काहीतरी लागलं. तो आंघोळीतून ओरडला, "हा घोडेवाला! फ्रेंचकोर!"

बरोबर! पहिल्या फटक्यात! ज्याला नळाच्या पलीकडे काही कळत नाही त्याला कळलं. मग ताईला का नाही?

१० मार्च

ताईला घोडेवाला पाठवला. "हे बरं आहे. लवकर संपलं." मग खाली अजून एक ओळ: "वर काही वाजत होतं का रे? दाराआड कोणी बोलतंय असं वाटलं."

दाराआड! त्या गाण्यात वरची किंकाळी अशी आहे की प्लंबरच्या दाढीचे केस उभे राहिले. आता ती माझी मजा घेतेय. घे म्हणावं.

१२ मार्च

हार्ड टेक्नो. सगळ्यात साधं — किक, आणि वर हॅटची, म्हणजे झांजेची, त्स-त्स-त्स, धारदार. लिहिलं की ताई, किक सोड, वरची त्स-त्स पकड, ती पकडली की पाय आपोआप हलतात.

"कसली त्स-त्स?"

फोन केला. उचलला भावजींनी. "तुझी ताई रुसलीय. म्हणते, तो माझी परीक्षा घेतो आणि नापास करतो." मी म्हटलं तिला द्या. तर म्हणाले, "आता नको. आधीच शेजारणींनी डोकं खाल्लंय तिचं. म्हणतात बेल वाजवली तरी ही दार उघडत नाही, फार भाव खाते."

चांगलं आहे. तिथे शेजारणींशी वाकडं, इकडे माझ्याशी.

१४ मार्च, शनिवार

दुपारी हॉल लावला. चष्मेवाला आवाज तपासताना एक लांब सूर सोडतो. तो जमिनीतून निघतो आणि वर वर चढत जातो, शेवटी डास, मग डासाचं पिल्लू, मग काही नाही. आम्ही पोरांनी हॉलभर उभं राहून हात वर धरायचा, ऐकू यायचं थांबलं की खाली. त्यावरून त्याला कळतं कुठल्या कोपऱ्यात काय पोचत नाही.

आज त्यानेही गंमत म्हणून हात वर केला. सूर चढत होता. आम्हा सगळ्यांचे हात वर, त्याचा खाली! मला वाटलं थकला.

"तुम्हाला एवढंच?"

"मला वरचं कधीच गेलं. उभा जन्म बॉक्ससमोर काढलाय."

"मग हॅट कसा लावता?"

"मीटरच्या काट्यावर बघून, आणि आठवणीने. मला नुसती धडधड येते. बाकी काही नाही."

हातातली केबल सुटली माझ्या. तो म्हणाला, "काय रे, भूत बघितलंस?"

प्रेस. तिचा प्रेस. बाजूला अजून दहाबारा प्रेस.

१५ मार्च

तो सूर चष्मेवाल्याकडून मागून घेतला आणि ताईला पाठवला. सूर किती वर चढला त्याचा आकडा पडद्यावर दिसत राहतो. लिहिलं: हेडफोन लाव. आवाज संपला की आकडा सांग. परीक्षा नाही, आईशप्पथ.

तासाभराने आलं — "तीन हजारच्या जरा पुढे संपला. फाइल तुटकी आलीय, परत पाठव."

फाइल तुटकी नाही. मी सतरा हजारापर्यंत ऐकतो.

परत पाठवली. परत तेवढंच.

१७ मार्च, मंगळवार

भावजी तिला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. ती जाईना. मी फोनवर ओरडलो, ती म्हणाली, "आता कसं स्पष्ट बोललास!"

डॉक्टर म्हणाले वरचं गेलेलं परत येणार नाही, पण मशीन लावलं तर पुष्कळ ऐकू येईल. दोन्ही कान सारखेच. ताई म्हणते एक पुरे, एका कानाने जग चालतं. मी म्हटलं, ताई, ती किंकाळी डावीकडून निघते आणि डोक्यातून उजवीकडे जाते. एका कानाने तू निम्म्या रस्त्यात उतरणार.

"तुझ्या किंकाळीसाठी मी दोन मशीनं लावू?"

"हो."

हसली. खूप दिवसांनी. मग म्हणाली, "आणि मी प्रेसवरून पॅकिंगला बदली मागितलीय. देतील असं वाटतंय." मग विचारलं, "तू मला काहीतरी विचारणार होतास ना, एवढी गाणी पाठवलीस ती?"

म्हटलं, नाही. सहज पाठवली.

१९ मार्च

नुसता यादी करत बसलोय! मशीन लागल्यावर पहिलं काय ऐकवायचं? प्लंबर म्हणतो घोडेवाला. नको, एकदम दोनशे नको, डॉक्टर मला शिव्या देईल. आणि आवाज बारीक ठेवायचा, हे आधी सांगायचं. आधी टेक्नोची त्स-त्स. मग हार्डस्टाइल, तेच पहिलं, जिथे सगळं थांबतं आणि वर चाल उलगडते. तिला ती चाल माहीतच नाही अजून! म्हणजे पहिल्यांदा ऐकण्याची मजा तिची शाबूत आहे. मला हेवा वाटतो तिचा.

२१ मार्च, शनिवार

चष्मेवाल्याने विचारलं, "डेक घेतोयस ना? दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे."

म्हटलं, द्या त्याला.

पहिला अर्धा तास त्या गिऱ्हाइकानेच वाजवला. वाईट नव्हता. हॅट जरा जास्त ठेवला होता. मी बॉक्सच्या मागे उभा राहून तोच ऐकत होतो.

२३ मार्च, सोमवार

दोन्ही कानांच्या मशीनचे मिळून साडेएकेचाळीस हजार ताईला पाठवले.